सॅलमँडरचा पाय आणि नलिनीअक्का

नलिनीअक्काचा फोन नव्हता, तिच्या भावाचा होता. मी बन्नूरहून म्हैसूरला येणाऱ्या बसमध्ये होते. पांडुरंगअण्णा एवढंच म्हणाला, "गेली गं... अक्का होगबिट्टळू." मला धक्का बसला नाही, याचीच नंतर लाज वाटली.

पुणं सोडून आम्ही म्हैसूरला आलो तेव्हा मी शिकवायला लागले त्या कॉलेजात मराठी बोलणारी ती एकटीच. पिढ्यान्‌पिढ्या इथेच शिंपीकाम करणाऱ्या घरातली, प्राणिशास्त्र शिकवणारी पहिली. दोन बरण्या पुढ्यात घेऊन ती मुलांना सांगायची, सॅलमँडरचा पाय तुटला तर नवा फुटतो, बोटांसकट. समुद्रातल्या रिबन वर्मचं त्याहून अजब, काही जातींत नुसत्या तुकड्यातून अख्खा किडा तयार होतो. आणि उपासमार झाली तर? तो स्वतःलाच पचवत लहान होत जातो, कित्येक महिने. मुलं हसायची. अक्का हसत नसे.

गेल्या उन्हाळ्यात स्टाफरूममध्ये मला वास आला. तिने पाय टेबलाखाली ओढला, पण काळं पडलेलं बोट मी पाहिलं होतं. तिची साखर जुनी.

"अक्का, डॉक्टरकडे चल."

"सुम्ने, गप्प बस गं. ते कापतात. मी काय सॅलमँडर आहे, परत फुटायला? अण्णाला सांगशील तर माझी शपथ."

मी आठ दिवस गप्प राहिले. नवव्या दिवशी सांगितलं, तोवर बोटावर भागण्यासारखं उरलं नव्हतं. गुडघ्याखाली पाय गेला.

घरी आल्यावर ती पांघरुणाच्या सपाट भागाकडे बघत बसायची. ताट आलं की "नंतर". एकदा म्हणाली, "सॅलमँडर होता येत नाही. मग दुसऱ्या बरणीतलं जमतंय का बघते..." मला कळलं होतं. तरी मी परीक्षेचं काहीतरी बोलत राहिले.

तेराव्यानंतर गेले तेव्हा अण्णा शिलाई मशीनपाशी बसला होता. मांडीवर तिचं पोलकं. त्याने ते उलटं करून माझ्यापुढे धरलं. बाजूच्या शिवणीला लागून टिपेच्या रेघा, एकीच्या आत दुसरी... पाच होत्या.

"सैल होतंय म्हणून द्यायची. मी आत घेत गेलो. विचारलं नाही कधी."

पाचव्या रेघेच्या आत, बोटभर अंतरावर, खडूची एक खूण होती. तिच्यावर टीप मारायची राहिली होती.