शिवराकाच्या दिवशी गोळी

डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोळ्याच्या आतला फोटो पडद्यावर मोठा केला आणि त्यातल्या लाल रेषांची रुंदी मोजायला लागल्या. मी कणकवलीला आलो होतो तो चष्म्याचा नंबर काढायला. पण सगळी नोकरी बोटीच्या इंजिनरूममध्ये पाइप सांभाळण्यात गेलेली, त्यामुळे कोणी नळ्या मोजतंय म्हटल्यावर मलाही हुरूप आला. माप काय येतंय, मी विचारलं.

"रक्त आणणाऱ्या वाहिन्या फार बारीक झाल्यात," त्या म्हणाल्या. "बरीच वर्षं प्रेशर चढं असल्याची खूण आहे. नजर अजून चांगली आहे, पण असंच चाललं तर तिलाही धोका. प्रेशरची गोळी रोज घेता ना?"

"रोज," मी ठणकावून सांगितलं. "शिवराकाचे दिवस सोडून."

बाई घाटावरच्या, त्यांना कळेना. मग मीच समजावलं. मासे खायचे नाहीत तो दिवस शिवराक. गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, खाऱ्या माशांनी प्रेशर वाढतं. मग खारा बांगडा पोटात नाही त्या दिवशी गोळी कशाला? सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी आणि अख्खा श्रावण. एवढी साधी गोष्ट शिकलेल्या बाईला कळू नये, याचा मला रागच आला.

"गोळी म्हणजे माशावरचा उतारा नव्हे हो," बाई म्हणाल्या. "प्रेशर सोमवारीही असतं."

शेजारी बायको बसली होती. सोमवार-गुरुवार आमच्याकडे पिढीजात. शनिवार मात्र तिने चार वर्षांपूर्वी नव्याने धरला होता. का, ते मी कधी विचारलं नाही. मासे नाहीत म्हणून कुरकुर तेवढी दर शनिवारी केली.

बाहेर पायरीवर ती म्हणाली, "अवो, तुमचा प्रेशर उतरांदे म्हणानच मी मारुतीचो शनवार धरलंय."

मला लाज वाटली. आणि खरं सांगतो, लाजेपेक्षा आनंदच जास्त झाला.

सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढला. वाहिन्या रुंद झाल्या नव्हत्या, पण आणखी बारीकही नव्हत्या. बाई खूश. गोळी आता रोज चाललीय, तर शनिवारचा नेम सोडूया का, असं मी येताना एसटीत बायकोला विचारलं.

"चार वर्सा शनवारची गोळी चुकवलास," ती म्हणाली, "तरी नजर रवली. ती कोणी राखल्यान?"

आता शनिवारी गोळी घेतो आणि मुकाट्याने डाळभात जेवतो.