चीनपर्यंतची वाट

ऐंशीच्या दशकात प्रिन्स्टन जंक्शनहून ट्रेननं न्यूयॉर्कला कामाला जाताना एक मराठी गृहस्थ रोज माझ्या शेजारी बसत. थंडीत काचेवरच्या वाफेत बोटानं रेघ ओढून सांगत, अशोकानंतर बुद्धाचा धम्म व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर चीनपर्यंत कसा पोचला. एकदा मी त्यांना शनिवारी जेवायला बोलावलं आणि सवयीनं आडनाव विचारलं. त्यावरून जात कळली. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "शनिवारचं कॅन्सल करावं लागतंय. हिला बरं नाहीये."

त्यांनी तळव्यानं रेघ पुसली. "असू द्या हो साहेब. चीन जवळ होता, तुमचं घर लांब आहे."

बायको ठणठणीत होती. सोमवारपासून ते दुसऱ्या डब्यात बसू लागले. त्यांचं आडनाव मला आजही आठवतं. नाव मी कधी विचारलंच नव्हतं.