खिळ्याला टांगलेली तार

दारात आलेल्या माणसाला गटिंगमास्तर आधी 'ये, बस' म्हणत नसत. हातातली रॅकेट काढून घेत, तारांवर नख मारत आणि कान लावून ऐकत. मग निकाल. "मेली रे ही! कशावर खेळत व्हतास?"

रोह्याच्या एका कारखान्यात ते फिटर होते. तिथल्या टेनिस कोर्टावरच्या साहेब लोकांच्या रॅकेटी दुरुस्त करता करता तारा बसवायला, म्हणजे गटिंग करायला शिकले. निवृत्त झाल्यावर पेणला रामवाडीतल्या घरी राहायला आले. बायको आधीच गेलेली, मुलगा दुबईत. घरात ते एकटे आणि तार ओढायचं यंत्र.

माझा सगळा खेळ टॉपस्पिनचा, म्हणजे बॉलला पुढे फिरकी देण्याचा. बॉल जाळीच्या हातभर वरून जायचा आणि रेषेच्या आत गपकन खाली यायचा. त्याचं श्रेय मी आपल्या मनगटाला द्यायचो. मास्तर हसायचे. "मनगट हाय, कोण नाय म्हणतो? पण उभी तार सरकून टचकन जागेवर परत आली पायजे. तवाच बॉल फिरतो." माझ्यासाठी ते गुळगुळीत पॉलिएस्टरची तार निवडायचे आणि फार आवळायचे नाहीत. वर दम द्यायचे, "उन्हात ठेवलीस रॅकेट तर माझ्याकडं आणू नको."

ही तार तुटत नाही, आतल्या आत ताण सोडते, असं त्यांचं म्हणणं. "तुटायची वाट बघू नको. सहा आठवडे झाले की ये." नव्या तारेची वेटोळी जावीत म्हणून आदल्या दिवशीच ती खिळ्याला टांगून ठेवायचे. पाऊण तासाचं काम दोन तास चालायचं, मध्ये दोनदा चहा. मी उठलो की, "थांब रे, गाठ बसूदे." आता गाठ बसायला कसला एवढा वेळ लागतो!

रोह्याला आमच्या क्लबात एकदा मीच म्हणालो, "तार कसली मरतेय! मास्तरांना बोलायला माणूस लागतं." सगळे खो खो हसले. आणि मग मलाच ते पटलं. तार धडधाकट दिसत असताना रोह्याहून पेणला कशाला हेलपाटा? दोनदा त्यांचा फोन आला, "येतोस ना?" दोन्ही वेळा "येतो, मास्तर," म्हणालो आणि गेलो नाही. वर्ष होत आलं.

दरम्यान माझे फटके बाहेर जायला लागले. क्लबातले म्हणाले, वय झालं तुमचं. मीही खुळ्यासारखा मनगटाला तेल चोळत बसलो. शेवटी निमूट पेणची एसटी पकडली.

दाराला कुलूप. शेजारच्या बाईंनी विचारलं, "रोह्याचे भाऊ ना तुम्ही? मास्तर गेले हो. महिना झाला. झोपेतच गेले."

त्यांनी किल्ली आणून दार उघडलं. आत भिंतीवरच्या खिळ्याला एक तार लोंबत होती.

"तुमचीच ती. सहा आठवडे झाले की टांगायचे. दोन दिवस वाट बघायचे न् परत गुंडाळून ठेवायचे. म्हणायचे, येल तो. या खेपेला गुंडाळायला ऱ्हायलेच नाय."

तिची वेटोळी पार गेली होती.

ती तार मी पनवेलच्या एका दुकानात बसवून घेतली. दुसऱ्या दिवशी कोर्टावर पहिलाच फटका मारला. बॉल जाळीवरून उंच गेला आणि रेषेच्या आत गपकन उतरला. म्हणजे माझी जुनी तार खरंच मेली होती. मास्तर एकदाही खोटं बोलले नव्हते. आणि बोलायला माणूस हवं होतं, तेही खरंच होतं. पलीकडून कुणीतरी "वा!" म्हणालं. मला मान वर करवेना.