वॉल्टरदाजींसाठी इर्जिक

वॉल्टर गेमेल हे माझे दाजी, धाकट्या बहिणीचे यजमान. स्कॉटलंडहून इंग्रजांच्या वसाहतीतल्या आमच्या या सरोवरकाठच्या गावात आले आणि छापखाना काढून बसले. जीभ तिखट, लेखणी त्याहून तिखट. गव्हर्नराच्या मर्जीतली घराणी जमिनी आणि नोकऱ्या आपसांत कशा वाटून घेतात, ते दर आठवड्याला नावानिशी छापायचे. एकदा त्या घराण्यांतल्या उनाड पोरांनी दिवसाढवळ्या छापखाना फोडला आणि छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे सरोवरात फेकले.

माझ्या बहिणीनं, इसोबेलनं, इर्जिक घातली. कोठार उभारायचं असो की जंगल तोडायचं, आमच्याकडे सगळा गाव राबतो आणि घरधनी जेवू घालतो. लोक चाळण्या घेऊन कंबरभर पाण्यात उतरले. खिळे वर निघाले, मग जेवणाला डुकराचं मांस, वाटाणे, व्हिस्की. त्याच गर्दीनं दाजींना निवडणुकीला उभं केलं. मत चारचौघांत, मंचावर चढून ओरडून द्यायचं. लोकांनी घसा फोडून दिलं. त्या घराण्यांच्या मुठीतल्या सभागृहानं निवडून आलेल्या दाजींना हाकललं, लोकांनी पुन्हा पाठवलं, त्यांनी पुन्हा हाकललं.

शेवटी दाजींनी खिळ्यांची पोती माझ्या लोहारभट्टीशी आणून टाकली.

"वितळव. बंदुकीच्या गोळ्या कर."

"अहो दाजी, मग उद्या छापायचं कशानं?"

"इतकी वर्षं छापलं. त्यांना लागलं का काही?"

दाजींनी उभारलेलं बंड पहिल्याच फैरीला उधळलं. दाजी पकडले गेले, फाशी ठरली. गोळ्या न उडताच माझ्याकडे परत आल्या.

दयेच्या अर्जावर गावकऱ्यांची नावं पडली तर गव्हर्नर ऐकेल, असं वकील म्हणाला. अर्ज छापून घरोघर वाटायचा, तर खिळा उरला नव्हता आणि दुसरा कुणी छापून देईना. मग इसोबेलनं तो हातानं लिहिला, भलंमोठं पातेलं चढवलं आणि पुन्हा इर्जिक घातली.

कुणीही आलं नाही. म्हातारा डुगल्ड तेवढा मागच्या दारानं आला.

"पोरी, लाकडं फोडतो, बर्फ उपसतो. नाव सोडून काहीही माग."

"काका, मत देताना तर केवढ्यानं ओरडला होतात!"

"म्हणूनच गं. त्यांच्या लक्षात आहे ते."

त्यानं लाकडं फोडली आणि मान खाली घालून गेला. मला असा संताप आला की पातेलं अंगणात भिरकावून द्यावं. अर्जावर दोनच नावं गेली, तिचं आणि माझं. गव्हर्नरानं तो परत पाठवला.

फाशीच्या आदल्या दिवशी तुरुंगात भेट मिळाली. इर्जिक घालणार असल्याचं मी आधीच कळवलं होतं, त्यामुळे दाजींनी पहिलं तेच विचारलं.

"कोण कोण आलं होतं गं?"

"सगळे," इसोबेल म्हणाली. "घरात पाय ठेवायला जागा नव्हती."

दाजी कितीतरी दिवसांनी हसले. मला तिथं उभं राहवेना.

"आणि जेवण? पुरलं का सगळ्यांना?"

"पुरलं की," ती म्हणाली. "उरलंसुद्धा."