न विचारता येणारं पान

भूकंपानंतर रेणापूर सोडून आम्ही लातूरला आलो आणि बाबांनी घरीच गणिताची शिकवणी सुरू केली. पुढे शहरात क्लासेसचं पेव फुटलं, बाबांच्याही बॅचेस वाढल्या, तेव्हा प्रश्नपत्रिका टाइप करायला त्यांनी कॉम्प्युटर घेतला. मी कॉलेजात होते. इंटरनेट उघडलं की पहिलं पान कोरं दिसावं, अशी सेटिंग त्यांनी स्वतः करून ठेवली होती.

एके दिवशी तिथं जाहिरातींनी भरलेलं भलतंच पान आलं. बाबांनी सेटिंग दुरुस्त केली. मशीन बंद करून परत चालू केली, तर पुन्हा तेच.

"तू बदलायलीस का गं?"

"न्हाई बाबा. मला वाटलं तुम्हीच."

चिडायचं सोडून बाबा खुर्ची ओढून बसले. ज्यावरून इंटरनेट यायचं ती टेलिफोनची वायर काढली, पान कोरं केलं, मशीन पुन्हा चालू केली. सेटिंग बदललेलीच.

"म्हणजे बाहेरून कुणी करत न्हाई. जे हाय ते आतच हाय."

मग त्यांना आठवलं, आईला आवडले म्हणून कॉम्प्युटरच्या पडद्यावर पोहणारे फुकटचे मासे त्यांनी इंटरनेटवरून उतरवून घेतले होते. त्यांनी मासे काढून टाकले. मशीन चालू होताच मासे हजर, पानही हजर! बाबांना लई मजा वाटली. आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्राम्समध्ये शोधल्यावर एक अनोळखी नाव सापडलं. ते बंद केलं, तर माशांनी त्याला परत आणलं.

"दोघं एकमेकांना उठवत असतील तर?" मी विचारलं.

बाबांनी माझ्याकडं पाहिलं आणि दोन्ही एकदमच बंद करून काढून टाकले. पान कोरं राहिलं.

पण त्यांचं समाधान होईना. माशांची उतरवून ठेवलेली मूळ फाइल उघडून, पूर्वी न वाचताच 'मान्य' केलेला इंग्रजी मजकूर ते वाचू लागले. खूप खाली लिहिलं होतं, आम्ही तुमच्या सेटिंग्ज बदलू शकतो.

"म्हणजे 'हो' तर मीच म्हटलं की!" बाबा हसले.

चहा घेऊन आलेल्या आईनं विचारलं, "मग आता नको म्हणायचं तर कुठं म्हणायचं?"

बाबांचं हसू थांबलं. ती जागा शोधत ते पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत बसले. संध्याकाळच्या बॅचची मुलं दारात चपला काढू लागली, तरी ती जागा त्यांना सापडली नव्हती.