आठच्या ठोक्याचं पाणी

भूगोलाच्या सरांना सगळी शाळा 'नकाशे सर' म्हणायची. चोवीस वर्षांत काखेत नकाशाची गुंडाळी घेतल्याशिवाय ते वर्गात शिरले नव्हते. यंदा मात्र मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांच्या गळ्यात नवंच लोढणं अडकवलं. आपल्याच किनाऱ्यावरच्या नोंदी घेऊन नववीला समुद्र शिकवायचा. शुक्रवारी अधिकारी धडा बघणार होते. पटला तर विषय चालू, नाहीतर बंद.

नोंदी घरच्याच होत्या. धक्क्यावर पाण्यात उभी केलेली आकड्यांची पट्टी रोज वाचून वहीत उतरवायचं काम सरांच्या मेहुण्याकडे होतं. मुलांनी महिन्याभराचे आकडे आलेखावर मांडले आणि सरांच्या डोक्याचा भुगा झाला.

"सर, पुस्तकात भरती दिवसातून दोनदा आहे," वर्गाची मॉनिटर म्हणाली. "आपला समुद्र पंधरा दिवसांतून एकदाच चढतोय."

"आपला जरा आळशी आहे," मागच्या बाकावरून आवाज आला.

वर्ग हसला. सरही तोंडदेखलं हसले. पुस्तक खोटं म्हणावं तर नोकरीभर तेच शिकवलेलं. वही खोटी म्हणावी तर अधिकारी पहिल्यांदा विचारणार, वही कोणाची?

घरी त्यांनी आडून विषय काढला. "तुझा भाऊ रोज जातो ना गं धक्क्यावर?"

"म्हणजे तो घरी बसून आकडे भरतो, असंच ना?" बायको म्हणाली.

"मी कुठं म्हणालो?"

"म्हणायला कशाला हवं? कपाळावर लिहिलंय तुमच्या."

सोमवारी सर शाळेआधी धक्क्यावर हजर. मेहुणा खूश झाला. आठला पाच मिनिटं असताना तो पट्टीसमोर उभा राहिला, घड्याळाकडे बघत थांबला आणि ठोक्याला आकडा लिहिला. सरांनी स्वतः वाकून पाहिला. तंतोतंत. मंगळवारी तेच, बुधवारी तेच.

"सव्वीस वर्षांत आठचे सव्वाआठ झाले नाहीत, भाऊजी," मेहुणा म्हणाला. "ताप असला तरी आठ म्हणजे आठ."

वही खरी निघाली, म्हणून सरांना हायसं वाटायला हवं होतं. उलट ते जास्तच चक्रावले. विचारात बस चुकली. पुढची दोन तासांनी होती. धक्क्यावर बसून पट्टीकडे बघता बघता त्यांच्या लक्षात आलं, की पाणी चांगलं हातभर खाली गेलंय.

खिशातल्या कागदावर त्यांनी तीनदा हिशेब मांडला, दोनदा खोडला. भरती रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येते. मेहुणा मात्र आठच्या ठोक्याला. म्हणजे एके दिवशी त्याला भरलेला समुद्र भेटणार, आठवड्यानं रिकामा, आणखी आठवड्यानं पुन्हा भरलेला. मधल्या साऱ्या भरत्या त्याच्या पाठीमागे येऊन जात होत्या. बरोबर वाटत होतं, पण छातीठोक सांगवेना.

गुरुवारी पहाटे साडेचारपासून संध्याकाळी सातपर्यंत मुलांनी पाळीपाळीनं, मेहुण्याच्या देखरेखीखाली, दर अर्ध्या तासाला पट्टी वाचली. शुक्रवारी नवा आलेख फळ्यावर लागला. पहाटे एक भरती, संध्याकाळी दुसरी.

"मग आधीची वही चूक होती का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नाही साहेब. प्रत्येक आकडा खरा आहे. पण दिवसाला एक आकडा भरतीसाठी पुरत नाही. हे मला परवा कळलं."

"आणि संध्याकाळची भरती पहाटेपेक्षा बुटकी का?" हे मॉनिटरनं विचारलं.

सरांनी आलेखाकडे पाहिलं. खरंच वीतभर बुटकी होती. "माहीत नाही," ते म्हणाले. त्यांनी आशेनं अधिकाऱ्यांकडे पाहिलं, तर अधिकारी त्यांच्याकडेच बघत होते.

"विषय चालू ठेवा," अधिकारी उठता उठता म्हणाले. "उत्तर मिळालं की मलाही कळवा."

संध्याकाळी मेहुणा घरी आला. बहिणीच्या हातचा चहा घेत त्यानं मुलांचं तोंडभरून कौतुक केलं. मग कप खाली ठेवून म्हणाला, "पण भाऊजी, सोमवारपासून तीन दिवस तुम्ही नक्की काय बघायला येत होता?"

बायको कपबश्या उचलून आत गेली. "बशी राहिली गं," म्हणत सरही तिच्या मागोमाग उठले.