मेव्हण्याच्या नावावर

आजच्या दिवसात जयसिंगराव खराड्यांचा फायदाच फायदा आहे. नव्वद दिवस दारूला शिवले नाहीत म्हणून संध्याकाळच्या सभेत बिल्ला मिळणार. तो बघायला बायको, शालन, लेकाकडून परत येणार. आणि ती आली म्हणजे सकाळचा चहा आयता. याबदल्यात खर्च एकच होता: सभेत उभं राहून आपलं नाव सांगायचं आणि पुढं म्हणायचं, 'मी दारुडा आहे.' तेवढा जयसिंगरावांनी वाचवला.

दुपारी जेवून ते कॉटवर आडवे होतात. पंखा फिरतोय की छत, हे ठरायच्या आतच डोळे जड होतात.

दारू सोडणाऱ्यांची सभा तशी कऱ्हाडातही भरते, घरापासून पाच मिनिटांवर. पण ओळखीचं कुणी बघेल म्हणून त्यांनी विचारत विचारत साताऱ्याची शोधून काढली. ज्या गावानं त्यांना वीस वर्षं गटाराकाठून उचलून आणलं, त्या गावाला हे शुद्धीत दिसू नयेत, एवढी अब्रू. तिथं शाळेच्या वर्गात सभा भरते. पहिल्या दिवशी उभे राहिले आणि म्हणाले, "मी बजरंग. मी दारुडा आहे." बजरंग म्हणजे शालनचा धाकटा भाऊ, लिव्हर सडून तीन वर्षांपूर्वी गेलेला. जयसिंगराव म्हणजे साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात जन्मभर गैरहजरांची हजेरी लावलेला माणूस. हात तिकडंच वळायचा.

आता कॉट शाळेच्या बाकाएवढी आखूड होते. वर्ग तोच, सभेचा. भिंतीवर पाढे. मास्तरांच्या खुर्चीत बजरंग बसलाय. पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे.

"या दाजी. उशीर केलात."

"तू कसा इथं?"

"माझीच सभा की. नव्वद दिवस सुटलीय माझी. मेल्यावर एवढा कुणी सुधारला नसंल."

जयसिंगराव घसा खाकरतात. "नावात काय असतंय, बजा. दारू तर मीच सोडली ना?"

"सोडली तुम्ही. मग पीत कोण होतं?"

जयसिंगराव पाढ्यांकडं बघतात. तिथं आता कामगारांच्या पाळ्या लिहिल्यात. कारखान्याचा भोंगा होतो आणि थांबत नाही.

"बायकोचं डोरलं विकून प्यालो, असं गेल्या गुरुवारी रडत सांगितलंत," बजरंग म्हणतो. "दाजी, माझं लग्न तरी झालं होतं का?"

"लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं," जयसिंगराव म्हणतात. जरा ताठ्यातच म्हणतात.

"आणि आज आक्का पुढच्या रांगेत बसणार. पुकारतील, 'बजरंग, नव्वद दिवस.' मेलेल्या भावाचं नाव. मग?"

"तिला बाहेर थांबवतो. चपला राखायला."

"अब्रू राखून झाली तुमची. आता चपला."

भोंग्याची सनई झालीय. बाकाचा पाट झालाय. जयसिंगरावांच्या डोक्यावर फेटा, शेजारी मुंडावळ्या बांधलेली शालन, मान खाली. धुरानं डोळे चुरचुरतात. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळ म्हणून, आणि नवरदेवानं त्याला काहीतरी मान द्यायचा. बजरंग पुढं येतो. सतरा वर्षांचा. नव्या सदऱ्याची घडी अजून मोडलेली नाही.

"कानपिळीला काय दिलंत, आठवतंय?"

"घड्याळ."

"घड्याळ कबूल केलं होतं. मांडवामागं नेलंत. म्हणालात, 'आता तू मोठा झालास.' पितळी पेल्यात दोन बोटं दारू. नाक दाबून प्यालो मी, तुम्ही हसलात."

बजरंग कान धरतो. बोटं बर्फासारखी, पीळ मात्र निखाऱ्यासारखा.

"नाव सांगा."

"बज..."

आणखी पीळ. "तुमचं, दाजी."

"जयसिंग. जयसिंग खराडे." वऱ्हाड जेवायचं थांबून बघतंय. "मी दारुडा आहे."

"अजून राहिलं."

"आणि हा... याला पहिला पेला मी पाजला."

शेजारची शालन मान वर करते.

डोळे उघडतात तर दारात शालन उभी आहे. हातात पिशवी, कपाळावर घाम, केस पांढरे.

"कुणाला काय पाजलंत?" ती विचारते. मग जवळ येऊन वाकून बघते. "आणि कान कशानं सुजला?"

जयसिंगराव हात लावतात. डावा कान गरम आहे, पाळीवर दोन बोटं उमटल्यासारखी खूण. खोटं त्यांच्या जिभेवर कायम तयार असतं. डास म्हणता आलं असतं, उशी म्हणता आलं असतं.

"बजानं पिळला," ते म्हणतात.

शालन पिशवी खाली ठेवते आणि तिच्याशेजारी जमिनीवरच बसते. "सभा किती वाजता?"

"सहाला. पण तिथं जे नाव पुकारतील, ते माझं नाही. त्याचं आहे. आणि त्याआधी त्या मांडवातलं एक सांगायचंय."

ते सांगतात. फार वेळ लागत नाही. अठ्ठावीस वर्षं दडवलेली गोष्ट चार वाक्यांची निघते. शालन रडत नाही. खाली ठेवलेली पिशवी पुन्हा मांडीवर ओढून घेते.

तेव्हा बेरीज अशी. त्या दोन बोटं दारूपायी बजरंगचा जीव गेला. शालनचा भाऊ गेला, डोरलं गेलं, तरणी वर्षं गेली. आणि जयसिंगरावांच्या पदरचा गेला तो एक कान, तोही परवापर्यंत बरा होईल असा.